मुकादमचाचा आणि समुद्रगाई

मुकादमचाचा माशाच्या काउंटरवर भाव विचारत नाहीत, चौकशी करतात. एकदा मी दोह्यातल्या अल नस्रच्या सुपरमार्केटमध्ये त्यांच्यामागे उभी होते. बर्फावरच्या गुलाबी सामन माशाकडे बोट दाखवून त्यांनी विक्रेत्याला हिंदीत विचारलं, हा कधी पोहला होता का? तो बिचारा म्हणाला, ताजा आहे. चाचा म्हणाले, कैदीसुद्धा ताजा असतो.

चाचा रत्नागिरीचे. आमच्याच इमारतीत राहतात आणि आमच्याच ऑफिसात समुद्राच्या पर्यावरणाचं काम बघतात. मी तिथे ड्रॉइंग्ज करते. गल्फमधल्या नोकऱ्यांच्या मधे काही वर्षं ते उत्तरेकडच्या एका थंड देशात, समुद्रात सामन पाळायच्या पिंजऱ्यांवर कामाला होते. तिथल्या माशांच्या अंगावरच्या उवा पिंजऱ्यांतून सुटून समुद्राकडे निघालेल्या जंगली पिल्लांना कशा खातात, हे ते कुणालाही, कुठेही सांगतात. अल रय्यानच्या एका लग्नात त्यांनी ते जेवणाच्या रांगेत सांगितलं. सामनची रांग बिर्याणीकडे वळली आणि बिर्याणी संपली. तेव्हापासून यजमान त्यांना शेवटच्या पंगतीत बसवतात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कंपनीकडे इथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका उथळ खाडीत मासे पाळायच्या पिंजऱ्यांचं काम आलं. नकाशा मीच काढला होता. चाचांनी सही करायला नकार दिला. खाली समुद्री गवत आहे, पिंजऱ्यांची घाण आणि उरलेलं खाद्य त्याच्यावर साचेल, गवत गुदमरेल आणि ते खाणाऱ्या समुद्रगाई जातील, असं त्यांचं म्हणणं. मुदीर, म्हणजे आमचे मोठे साहेब, म्हणाले की त्यांनी आयुष्यात इथे समुद्रगाय पाहिलेली नाही. सही झाली नाही तर दुसरा माणूस बघू, हेही म्हणाले. चाचांनी एवढंच मागितलं की एका शुक्रवारी सकाळी साहेबांनी होडीतून यावं. नकाशावाली म्हणून मलाही नेलं.

थंडी कडाक्याची होती. चाचांनी इंजिन बंद करायला लावलं आणि आम्ही नुसते बसून राहिलो. काहीच दिसेना. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, शेवटी "खलास" म्हणून उठले.

तेवढ्यात कुणीतरी जवळच सुस्कारा टाकला. मी वळून पाहिलं. पाण्यातून एक करडं नाक वर आलं, श्वास घेतला आणि गेलं. मग दुसरं. मग डावीकडे, उजवीकडे, दूरवर, जिथे नजर जाईल तिथे समुद्रच श्वास घेत होता. होडीखालून एवढाल्या अंगाचे जीव संथपणे सरकत होते आणि पाण्याचा आवाजसुद्धा होत नव्हता. एका आईच्या पाठीला चिकटून तिचं पिल्लू चाललं होतं. साहेब उभे होते ते उभेच राहिले. त्यांच्या तोंडून हळूच "सुभानल्ला" एवढंच आलं. मला हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडलेही.

काही दिवसांनी नकाशा माझ्या टेबलावर परत आला. पिंजरे खाडीबाहेर, खोल वाहत्या पाण्यात न्यायचे होते. चाचा खूश नव्हते. पिंजरा तो पिंजराच, म्हणाले. पण सही केली.

त्या शुक्रवारी परतताना मात्र त्यांनी सामनचं नावही काढलं नाही. गाडीत माझ्या शेजारी बसून एकदम म्हणाले, "बाय, ती पिल्लं दीड-दोन वर्षं आईला सोडत नायत. माझी सलमा तेवढीच होती, मी गल्फला आलो तवा. पयल्या सुट्टीत गेलो तर मला बघून दाराआड लपली."

मग त्यांनी रत्नागिरीला सलमाला फोन लावला. ती मुलीला दुपारच्या शाळेत सोडायच्या गडबडीत होती, मग बोलते म्हणाली. चाचा म्हणाले, काय नाय, असंच.

नातीसाठी ते निरोप रेकॉर्ड करू लागले. समुद्र, होडी, नाकं, सगळं सांगत पिल्लापर्यंत यायचे आणि पुसून टाकायचे. दोहा जवळ आलं तेव्हा कुठे एक गेला.

"बेटा, आज एक बाळ बगितलं. आपल्या आयशीबरोबर होतं."