साहेब अगदी स्पष्ट आलेत

खरेदी कशी करावी, हे लोकांनी माझ्याकडून शिकावं! साधी चप्पल घ्यायची तरी मी चार दुकानं पालथी घालतो आणि सहा मित्रांचं डोकं खातो. त्यामुळे कॅमेऱ्याला मोठी झूम लेन्स घ्यायची ठरली, तेव्हा मी बायकोला छाती ठोकून सांगितलं, "कमी पैशांत अशी लेन्स आणतो की बघत राहशील!"

"पंधरा हजार," बायको म्हणाली. "वर एक पैसा नाही. फ्रिजचं दार सहा महिने दोरीनं बांधलंय, ते आधी बघा."

लेन्स हवी होती लेकीसाठी. ती शाळेच्या चारशे मीटरच्या शर्यतीत धावते आणि मी दरवर्षी फोटो काढतो. पहिल्या वर्षी पुढच्या बाकावरच्या बाईंचा अंबाडा आला. दुसऱ्या वर्षी माझं बोट. गेल्या वर्षी लेक आली, पण एवढीशी, मुंगीसारखी, आणि तीही हललेली.

"बाबा, यंदा माझं शाळेचं शेवटचं वर्ष," ती म्हणाली. "एक तरी फोटो असा काढ, की ती मी आहे हे सांगावं लागणार नाही."

आता यात माझी एक अडचण आहे. मी हलतो! जन्मापासून माझा एक पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा चालू असतो. मी जेवायला बसलो की सगळ्यांच्या पेल्यांतलं पाणी डुचमळतं. त्यामुळे लेन्स नुसती लांबचं दाखवणारी असून भागणार नव्हतं. हाताचा थरथराट आतल्या आत सांभाळून घेणारी, म्हणजे स्टॅबिलायझेशनवाली हवी होती.

सात आठवडे मी दुसरं काही केलं नाही. एक लेन्स चंद्रावरचे खड्डे दाखवायची, पण तिच्यात थरथर थांबवायची सोय नव्हती. दुसरीत सोय होती, पण किंमत वाचून मला फ्रिजची दोरी आठवली. तिसरी पैशांत बसत होती, पण तिचं झूम इतकं जेमतेम की त्यापेक्षा आपणच चार पावलं पुढं गेलेलं बरं! रात्री झोपेत मी आकडे पुटपुटायला लागलो, तेव्हा बायकोनं उशी उचलली आणि लेकीच्या खोलीत जाऊन झोपली.

शेवटी मी जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणाऱ्या एका दुकानदाराला गाठलं. माणूस कमी बोलणारा. त्यानं पाण्यानं काठोकाठ भरलेला ग्लास माझ्या हातात दिला.

"धरा."

मी धरला. निम्मं पाणी माझ्या बाहीत गेलं.

"तुम्हाला स्टॅबिलायझेशनशिवाय गत्यंतर नाही," तो म्हणाला. "काय काढायचंय?"

"लांबचं!" मी म्हणालो.

त्यानं एक वापरलेली लेन्स काढली. लांबीला माझ्या कोपरापर्यंत, किंमत चौदा हजार नऊशे. "आठ दिवसांत पसंत पडली नाही तर परत आणा."

शर्यत बरोबर सातव्या दिवशी होती. म्हणजे तपासायला सहा दिवस! लेन्स तपासायला लांबची, बारीक रेघांची आणि स्थिर वस्तू लागते, असं मी वाचलं होतं. अशी वस्तू माझ्या ऑफिसातच होती. माझ्या टेबलापासून एक लांबलचक बोळ निघतो आणि त्याच्या टोकाला, दाराच्या वर, भिंतीवरचं घड्याळ आहे. काटे बारीक, मिनिटांच्या रेघा त्याहून बारीक. मी रोज वेळेवर येऊन, टेबलावर कोपरं टेकून, त्या घड्याळावर नेम धरून बसायला लागलो.

आता त्या घड्याळाखालूनच सगळं ऑफिस आत येतं, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं!

पहिल्या दिवशी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी कॅशियर आला, लेन्स बघून दारातच थबकला आणि केसांवरून हात फिरवून गेला. दुसऱ्या दिवशी बारा वाजता साहेब आले. मी खटाखट सहा फोटो घेतले, कारण बाराला दोन्ही काटे एकावर एक येतात आणि लेन्सचा खरा कस लागतो.

तिसऱ्या दिवशी टायपिस्टबाई माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजल्या, "मला सांगा, हे वरून आलंय का?"

"वरून कशाला? माझ्या खिशातून," मी म्हणालो. "पण एकदा का नीट आलं ना, की सगळं कसं लख्ख दिसेल!"

बाई पांढऱ्याफटक पडल्या. चौथ्या दिवशी दहाच्या ठोक्याला अख्खं ऑफिस जागेवर! रेकॉर्ड सांभाळणारा आमचा 'डुलकी', जो दुपारी फायलींवर गाल टेकून झोपतो, तो डोळ्यांना पाणी लावून ताठ बसलेला. मध्ये माणसं येईनाशी झाल्यामुळे माझे फोटोही स्वच्छ यायला लागले. मी मनात म्हटलं, काय लेन्स आहे!

पाचव्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. स्वतः उठून खुर्ची दिली. माझा पाय सुरू झाला आणि त्यांच्या टेबलावरच्या टाचण्या नाचायला लागल्या.

"बाराचे फोटो आहेत म्हणे तुमच्याकडे?"

"सहा आहेत!" मी अभिमानानं सांगितलं. "एकही हललेला नाही."

साहेबांनी घाम पुसला. "तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"साहेब, परवा अर्धा दिवस रजा हवीय. हा कॅमेरा घेऊन एका ठिकाणी जायचंय. एवढ्यासाठीच तर सगळी तयारी केली."

रजा इतक्या झटकन मंजूर झाली की मलाच कसंसं वाटलं.

शर्यतीच्या दिवशी मी मैदानावर दोन तास आधी पोचलो. बाकावर बसलो, उठलो, जागा बदलली, लेन्स पुसली, परत पुसली. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अहो, हा बाक जमिनीत पुरलेला नाही!" मी पाय हातानं दाबून धरला. समोरच समाप्तीची दोरी, तिच्यामागं उभी गर्दी, गर्दीच्या डोक्यावर मैदानाचं मोठं घड्याळ. मी सवयीनं घड्याळावर नेम धरून बघितला. काटा न् काटा स्पष्ट! या वेळी चुकायचं नव्हतं. पुढच्या वर्षी दुरुस्त करू म्हणायला पुढचं वर्षच नव्हतं.

शिट्टी झाली. शेवटच्या वळणावर लेक तिसरी होती, मग दुसरी, आणि दोरीपाशी पहिली! मी श्वास रोखून बटण दाबलं. एकच फोटो, पण काळजातून काढलेला. त्यानंतर मला काही दिसलं नाही, कारण मी रडत होतो.

डोळे पुसून पडद्यावर बघितलं. घड्याळ लख्ख. सव्वाचार. दोरीचे पीळसुद्धा मोजून घ्यावेत. आणि दोरीमागं, गर्दीच्या मधोमध, थेट माझ्याकडे बघत, दोन्ही हात जोडून आमचे साहेब उभे! मिशीचा केस न् केस वेगळा. मी कॅमेरा घेऊन थेट वरच्या ऑफिसात चाललोय, असं समजून ते माझ्यामागं गाडी घेऊन आले होते. आणि त्यांच्या पुढ्यातून, ओल्या फडक्यानं फळा पुसावा तसा, एक निळा फराटा गेला होता.

तो फराटा म्हणजे माझी लेक.

मी तडक दुकानात गेलो. "ही कसली थरथर थांबवते?"

दुकानदारानं फोटो बघितला. "तुमचा हात थांबवलाय की तिनं. धावत्या मुलीला ती कशी थांबवणार? त्याला शटरचा वेग वाढवावा लागतो."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही 'लांबचं' म्हणालात. 'पळणारं' म्हणाला नाहीत."

आठवा दिवस अजून बाकी होता, लेन्स परत देता आली असती. पण घरी जाऊन आधी लेकीला तोंड दाखवायचं होतं. तिनं कॅमेरा घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. माझा पाय, कधी नव्हे तो, थांबला होता.

"चुकलं गं माझं," मी म्हणालो.

"बाबा!" ती ओरडली. "सगळं मैदान उभं आहे आणि मी एकटी पळतेय! ही मी आहे हे कुणाला सांगायलाच नको! लेन्स परत द्यायची नाही हं!"

तिनं तो फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावलाय. ऑफिसात आता सगळे वेळेवर येतात, सर्वांत आधी साहेब. मी नुसते घड्याळाचे फोटो काढत होतो, हे त्यांना कितीही सांगितलं तरी पटत नाही. इकडे फ्रिजच्या दाराला दोरी आहे ती आहेच. आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्या भिंतीसमोर चप्पल काढून उभा राहतो, आदरानं हात जोडतो आणि हळूच विचारतो, "वडील का तुमचे? कधी गेले?"