कुंतीचें कुंपण फुललें त्याची हकीकत

श्रीवनदेवता प्रसन्न. जी काळ्या मातींतून पांढरें फूल काढिते तिचे पायीं मस्तक ठेवून कुंपणाचा मजकूर लिहितों. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, ते सालीं श्रीमंत मानाजीराव गादीवर असतां राजबागेभोंवतीं कुंतीचें, म्हणजे पांढऱ्या सुवासिक फुलाचे झुडुपाचें, कुंपण होतें, आणि तें सात वर्षांमागें गोजाई माळीण व तिचा नवरा या उभयतांनी हात हात अंतरानें रोपें लावून, घागरीनें पाणी घालून वाढविलें, आणि पुढें नवरा वारला, मग जिवाभावाचें असें तिला तें कुंपणच राहिलें. श्रीमंतांस सरळ रेषेचा भारी षोक. दर आठवे दिवशीं दोरी ताणून कुंपण छाटावें, एक पान दोरीवर दिसतां कामा नये, ऐसी सक्त ताकीद. तेणेंकरून कुंपण तासल्या भिंतीऐसें नेटकें राहिलें, परंतु सात वर्षांत फूल म्हणून एक आलें नाहीं. मग कारभारी विसाजीपंत यांनी अर्ज केला जे, "कुंपण वांझ आहे. उपटून निवडुंग लावावा." श्रीमंतांनी मान डोलाविली आणि कुदळी आणविल्या.

तेव्हां गोजाई कुदळींस आडवी उभी राहिली आणि बोलली, "सरकार, झाड वांझ न्हाई. कुंती कळी धरती ती शेंड्याला, आन् आपुन दर आठवड्याला शेंडंच छाटतो. मग तिनं फुलावं कुठनं?" श्रीमंतांनी पुसिलें, "सात वर्षें कां बोलली नाहींस?" ती म्हणाली, "हुकूम हुता. आन् मला इचारलं कुनी? आषाढ-सरावन दोन म्हयनं कातर बांधून ठिवा. न्हाई फुललं तर म्याच माज्या हातानं मुळं उपटीन, आन् फिरून ह्या बागंत पाय ठेवनार न्हाई." श्रीमंतांनी वचन दिलें. मग कुंपण जें सुटलें तें सुटलेंच, फांद्या चहूंकडे उधळल्या, आणि परमुलखींचा वकील आला तो गालांत हंसला, आणि श्रीमंत तिकडून जातांना मान फिरवून जात, परंतु दिला शब्द मोडिला नाहीं, हें त्यांचें थोरपण. श्रावण सरत आला तरी फुलाचा पत्ता नाहीं, आणि गोजाई रोज उठून शेंडे चांचपी.

तों पोळ्याचे सकाळीं काय नवल वर्तलें तें काय सांगावें. सारें कुंपण एके दिवशीं फुललें. भाताची परात उपडी करावी तैसें पांढरें, आंत पान दिसेना, आणि वास ऐसा सुटला जे मिरवणुकीचे बैल झुलींसुद्धां कुंपणापाशीं थबकले ते हाकलितां हालेनात. आम्ही तेथें होतों. आमच्या डोळ्यांस पाणी आलें. श्रीमंत जोडे काढून उभे राहिले ते प्रहरभर, आणि लागलाच हुकूम केला जे, आजपासून या कुंपणास जो लोखंड लावील त्याचा हात तोडावा.

तिसरे दिवशीं फुलें गळालीं, आणि गोजाई कातर घेऊन आली. विसाजीपंत ओरडले, शिपाई धांवले, श्रीमंत खासा आले. ती म्हणाली, "सरकार, फूल झडलं की लगेच छाटाया हवं. त्यावर नवा फुटवा येतो, आन् म्होरली कळी त्यावरच. आता हात तोडायचा तर तोडा, पर आदी छाटू द्या." श्रीमंतांनी कातरीकडे पाहिलें. मग पुसिलें, "किती छाटणार?" म्हणाली, "ईतभर." मग श्रीमंतांनी हळूच पुसिलें, "त्यास दुखेल काय?" ती म्हणाली, "न्हाई. फांदी जरा धरा, म्हंजी झटका बसायचा न्हाई." आणि श्रीमंतांनी फांदी धरिली.

येणेंप्रमाणें घडलें तें लिहिलें. त्या दौलतींत पुढेंही हुकूम बहुत सुटले, परंतु कुंपणास कातर केव्हां लावावी हें श्रीमंत गोजाईचे दारीं जाऊन पुसत.