गोड्या पाण्यातली साखर

लोकहिताच्या कामात घाई केली की लोकांचे हित होऊन बसते, म्हणून आमची पाणी समिती सावध असते. (मी तिचा सदस्य आहे. चहाची व्यवस्था उत्तम.)

आमच्या वसाहतीला तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला खारट विहीर. अशा ठिकाणी आमच्या फिटरने गच्चीवर एक यंत्र उभारले. उन्हाने समुद्राचे पाणी तापते, त्यावरून जाणारी हवा ओलसर होते, पुढे गार पत्र्याला टेकते आणि थेंब थेंब पाणी खाली. मीठ मागेच राहते. पातेल्याच्या झाकणाला आतून घाम सुटतो ना, अगदी तसेच. रोज दोन बादल्या निघत. पहिला तांब्या त्याच्या आईचा, कारण तिचे पाय सुजले होते आणि डॉक्टरांनी मीठ बंद केले होते.

हौसेने त्याने पाटी लावली : 'गोडे पाणी'. इथेच तो फसला.

"गोडे म्हणजे किती गोडे?" अध्यक्षांनी विचारले. प्रश्न बिनतोड होता. वसाहतीत दर तिसऱ्या माणसाला मधुमेह आहे (उरलेल्या दोघांनी तपासून घेतलेले नाही). यंत्राला सील ठोकून नमुना प्रयोगशाळेत पाठवला. साखर शून्य निघाली. त्याबरोबर फसवणुकीचा मुद्दा उपस्थित झाला.

"अहो, गोडं म्हणजे खारं नसलेलं! तुमच्या आजीलाही कळलं असतं!" फिटर ओरडला. आजींचे मत इतिवृत्तात घेता आले नाही. त्या हयात नाहीत.

बिचाऱ्याने पाटी बदलून 'वाफेचे पाणी' केली. लगेच बॉयलर खात्याचे साहेब आले. पाणी उकळतच नाही हे पाहून त्यांनी 'बॉयलर नादुरुस्त' असा शेरा मारला.

शेवटी फिटरची म्हातारी आई स्वतः काठी टेकत सभेला आली. म्हणाली, "बाबांनो, नाव काय वाट्टेल ते ठेवा, पण एक तांब्या तरी भरू द्या. घशाला कोरड पडलीय रे."

सगळ्यांना भरून आले. मलाही आले, खोटं कशाला बोलू? म्हणून तातडीने मत घेतले. सील तोडा म्हणणाऱ्याने उभे राहून नाव सांगायचे होते. 'आधी सखोल चौकशी' म्हणणाऱ्याने नुसता हात वर करायचा होता. म्हातारी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. कुणीही उभे राहिले नाही.

हसताय काय? मागच्या रांगेत, पंख्याखाली, तुम्हीही होतात. हात डावा वर केलात की उजवा, एवढेच नोंदवायचे राहिले आहे.