मामाचा मेंदू, आत्याचा डबा

"सुट्टा म्हंजे कसला? मोडका?" बनुबाईंनी विचारलं, आणि पंगतीतल्या सगळ्यांनी सयाजीरावांकडे पाहिलं.

"मोडका कशानं, आक्का? सुट्टा. एकेक भाग येगळा इकत घ्यायचा आणि मग जोडायचा. तसा घेतला की मनाजोगता मिळतो, असं क्रांतीचं म्हणणं हाय."

क्रांती ही फौजेतून निवृत्त झालेल्या सयाजीराव सुभेदारांची एकुलती एक मुलगी. तिला सांगलीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, तोही कॉम्प्युटरच्या शाखेत, म्हणून कडेगावजवळच्या त्यांच्या घरी जवळच्या माणसांना जेवायला बोलावलं होतं. साल १९९८. त्या भागात कॉम्प्युटर बघायचा तर साखर कारखान्याच्या ऑफिसात जावं लागे, आणि तिथंही चपला बाहेर काढायला लावत. क्रांतीनं मात्र बारावीची परीक्षा झाल्यापासून मासिकं चाळून आणि सांगलीत अनीशच्या कॉम्प्युटरच्या दुकानी खेटे घालून एकेक भाग पक्का केला होता. सगळे भाग ज्याच्यावर बसवायचे तो बोर्ड कुठला, प्रोसेसर कुठला, मेमरी किती, हे सगळं तिनं एकमेकांना जुळवून ठरवलं होतं. मॉनिटर रंगीत हवा होता. सीडी ड्राइव्ह तर हवाच होता, कारण शिकायचे सगळे प्रोग्रॅम आता सीडीवरच येत. आणि एवढं करून वडिलांच्या खिशाला ते झेपणारं होतं.

पण 'सुट्टा' हा शब्द तिनं घरात उच्चारला आणि तिथंच तिचं नशीब फिरलं.

"सुट्टाच घेताय तर एक भाग माझा," बनुबाईंनी जाहीर केलं. त्या सयाजीरावांच्या थोरल्या बहीण. तासगावला त्यांच्या बेदाण्याच्या शेड होत्या, आणि त्यांच्यापुढं व्यापारीसुद्धा आवाज चढवत नसत. "भाची इंजिनेर व्हायला लागली आणि त्यात आत्याचं कायच नगं?"

"मग आमी काय निस्तं जेवायला आलोय का?" धैर्यशीलमामानं हातातला घास खाली ठेवला. हा क्रांतीच्या आईचा भाऊ. साताऱ्यात त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. "क्रांते, कॉम्प्युटरमधी मेन काय असतंय?"

"प्रोसेसर. म्हणजे त्याचा मेंदूच. पण मामा..."

"ठरलं. मेंदू मामाचा."

"आणि मेंदू ठिवायचा डबा आत्याचा," बनुबाईंनी लगेच दुसरा मान पटकावला.

क्रांती जेवायचं सोडून उठली. "अहो, असं देता येत नाही! ही काय लग्नातली भांडी आहेत का? सगळे भाग एकमेकांना जुळायला लागतात."

"जुळत्यात," सयाजीराव म्हणाले. "न जुळायला काय झालं? लेहला आमी तीन गाड्यांचे पार्ट घालून एक गाडी पळवली हुती."

आईनं, म्हणजे चंद्राबाईंनी, क्रांतीला डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं. सासरचा आणि माहेरचा मान एकाच पंगतीत राखायचा असला की ती बाई डोळ्यांनीच बोलत असे.

बनुबाईंनी आपलं काम चोख केलं. त्या स्वतः अनीशच्या दुकानात गेल्या, सगळे डबे बोटांनी वाजवून पाहिले आणि जाड पत्र्याचा निवडला. सुदैवानं तो क्रांतीनं ठरवलेल्या बोर्डाला जुळणारा होता. येताना त्यांनी तो गणपती पेठेत भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडं नेला. त्याच्या बाजूच्या पत्र्यावर आता ठसठशीत अक्षरं होती: 'चि. क्रांतीस, आत्या बनुबाईकडून सप्रेम भेट.'

"आत्या, कॉम्प्युटरवर नाव?" क्रांतीला रडू यायचं बाकी राहिलं.

"मग? सांगलीच्या खोलीवरनं कुनी उचलून नेला तर?"

क्रांतीनं डबा उचलून आत नेला. निदान डबा तरी बरोबर होता.

मामाला तिनं फोनवर प्रोसेसरचं नाव अक्षर अन् अक्षर सांगितलं होतं. मामा मोटारी आणायला मुंबईला गेला, तिथल्या दुकानदारानं ते नाव ऐकून नाक मुरडलं, आणि मामाचा अपमान झाला. भाचीला जुनं देणारा मामा, असं त्याच्याविषयी मुंबईत बोललं जाणं त्याला सहन होणारं नव्हतं. त्यानं सगळ्यात नवा, सगळ्यात महागाचा मेंदू घेतला आणि परस्पर सांगलीत अनीशच्या दुकानात हजर झाला. सयाजीराव आणि क्रांती बाकीचे भाग घेऊन तिथं थांबलेच होते.

अनीशनं खोका उघडला आणि तो क्रांतीकडं बघायला लागला. क्रांतीनं कपाळाला हात लावला.

"काय झालं?" मामा म्हणाला.

"वस्तू उत्तम आहे," अनीश जपून म्हणाला. "पण हिच्या बोर्डावर चौकोनी चिपची जागा आहे. हा प्रोसेसर कॅसेटसारखा उभा बसतो. ह्यात तो बसणार नाही."

"दाबून बघा की जरा," सयाजीराव म्हणाले.

"सुभेदारसाहेब, दाबून बोर्ड मोडेल."

"म्हंजे माझा मेंदू चुकीचा, असंच ना?" मामा लालबुंद झाला. "मग ऱ्हाऊ द्या. समुद्रात टाकतो नेऊन."

सांगलीत समुद्र नाही, हे कुणी त्याला सांगितलं नाही. सयाजीराव घाईनं म्हणाले, "पाव्हणं, तुमचा कसा चुकंल? बोर्ड चुकला. अनीशराव, बोर्ड बदला."

"बाबा, बोर्ड मी निवडलाय!"

"मग दुसरा निवड की!"

बोर्ड बदलला. नव्या बोर्डात जुन्या मेमरीच्या पट्ट्या आखूड पडू लागल्या, म्हणून मेमरी बदलली. की-बोर्डचं टोक मोठं आणि बोर्डावरचं भोक लहान, म्हणून की-बोर्ड बदलला. प्रत्येक वेळी अनीश हळूच म्हणे, "आता हे बसणार नाही," आणि प्रत्येक वेळी सयाजीराव त्याच्याकडं असं बघत, जणू हे सगळं त्यानंच घडवून आणलं आहे. जादाचा खर्च कुठून काढायचा, हा प्रश्न आला तेव्हा सयाजीरावांनी लष्करी खाक्यानं निकाल लावला. रंगीत मॉनिटर गेला, काळापांढरा आला. सीडी ड्राइव्ह तर गेलाच.

"बाबा, मी सीडीसाठीच तर..."

"मेंदू तल्लख असला की बाकी काय लागत न्हाई, पोरी."

मामा समाधानानं साताऱ्याला गेला. तो गेल्यावर अनीशनं घसा साफ केला. "अजून एक आहे. हा बोर्ड आत्यांच्या डब्यात बसणार नाही. स्क्रूची भोकं जुळत नाहीत, मागची खिडकी जुळत नाही, आणि करंट देणारी वायरसुद्धा वेगळी आहे."

सयाजीराव प्रथमच खुर्चीत खाली बसले. मुंबईच्या मेंदूपेक्षा तासगावचा डबा बदलणं अवघड होतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

"ट्रॉलीच्या वेल्डिंगवाल्याकडनं मागचा पत्रा कापून घिऊ," ते म्हणाले. क्रांतीनं डब्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. शेवटी नवा डबा घ्यावाच लागला. मात्र रंगानं आणि उंचीनं अगदी तसाच, आणि त्याच्यावर तेच नाव घालून आणायचं, असं ठरलं. सयाजीराव तो घेऊन गणपती पेठेत गेले. लग्नसराई संपून गेली असली तरी नावं घालणाऱ्याच्या हातातून ती गेली नव्हती. मजकूर तोंडी सांगून सुभेदार शेजारी चहाला गेले, आणि परत येऊन, न वाचता, डबा पोत्यात गुंडाळून घेऊन आले.

कॉम्प्युटर घरी आला आणि सुरू झाला. तो फार वेगानं चालत होता, पण काय चालवत होता ते काळ्यापांढऱ्यात नीट उमजत नव्हतं. क्रांती त्याच्यापुढं बसली की तिचा जीव जळायचा. एवढा महागाचा मेंदू, आणि त्याला दोन रंगांपलीकडं काही दिसत नव्हतं! मैत्रिणींनी दिलेल्या सीडी ती हातात धरून नुसती फिरवत बसे.

तिला सांगलीला पोचवायच्या दिवशी बनुबाई आल्या. आल्या त्या थेट कॉम्प्युटरपाशी गेल्या, कौतुकानं पत्र्यावर हात फिरवला आणि आपलं नाव वाचायला वाकल्या. वाकल्या त्या बराच वेळ सरळ झाल्या नाहीत.

"सयाजी," त्या म्हणाल्या. "हिकडं ये."

"काय गं आक्का?"

"पोरीचं लगीन ठरवलंस?"

"काय?"

"आणि मला सांगितलं न्हाईस! थोरल्या भनीला! हितं लिवलंय की, 'चि. सौ. कां. क्रांती हिस'. कुणाचं स्थळ हाय? साताऱ्याच्या पाव्हण्यानं आणलं आसंल. त्याचाच मेंदू!"

नावं घालणाऱ्यानं सवयीनं क्रांतीला वधू करून टाकलं होतं. सयाजीराव वाकून वाचू लागले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला.

"आवं वन्सं, तसं काय न्हाई," चंद्राबाई धावत आल्या. "त्ये आपलं... दुसऱ्या डब्यावर..." आणि त्यांनी जीभ चावली.

"दुसऱ्या? मग माझा कुठाय?"

बनुबाईंनी घर पालथं घातलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, मागच्या भोकांतून छान वारं खेळतं म्हणून, चंद्राबाईंनी त्यांच्या डब्यात लसूण ठेवला होता.

त्यानंतर बनुबाई जे बोलल्या त्यात सयाजीरावांच्या लहानपणापासूनच्या सगळ्या चुका आल्या. सयाजीराव म्हणाले की त्यांची चूक नाही, मेंदूच उभा निघाला. चंद्राबाई म्हणाल्या की त्यांच्या भावाला नावं ठेवायचं कारण नाही. बनुबाई म्हणाल्या की पोरीचा कॉम्प्युटर त्यांच्याच डब्यात चालला पाहिजे, नाहीतर त्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाहीत. सयाजीराव म्हणाले, "ठीक हाय, आज पत्रा कापतोच."

"गप्प बसा!"

हा आवाज क्रांतीचा होता. तिलाही तो नवीनच होता.

"हा कॉम्प्युटर कुणाला शिकायला घेतलाय? मामाला? आत्याला? मामाचा मान राहावा म्हणून माझा बोर्ड गेला, मेमरी गेली. माझा रंगीत मॉनिटर गेला, सीडी ड्राइव्ह गेला. आत्याचा मान राहावा म्हणून माझं लग्न लागलं! मी सगळा उन्हाळा हिंडून एकेक भाग ठरवला होता. त्याबद्दल मला एका शब्दानं तरी कुणी विचारलं? ठेवा तुम्हीच तो घरात. त्यात पण लसूण भरा!"

ती ओसरीत जाऊन बसली. थोड्या वेळानं बनुबाई बाहेर आल्या आणि तिच्याशेजारी टेकल्या.

"तुझ्या मनातला कॉम्प्युटर कसला हुता?"

क्रांतीनं नाक पुसत सांगितलं. आत्यांचा डबा, जुना बोर्ड, जुन्या पट्ट्या, रंगीत मॉनिटर, सीडी ड्राइव्ह. अडचण एकच, मामाचा मेंदू.

"त्यो भाईरनं दिसतो का?"

"नाही. झाकण लावलं की काहीच दिसत नाही."

"मग बदल की! आत कोन बघायला येतंय?" बनुबाईंना इतक्या सोप्या गोष्टीवर एवढं रामायण झाल्याचा मनस्वी राग आला. "डबा चारचौघांत दिसतो, त्यो बदललास. मेंदू कुनालाच दिसत न्हाई, त्यो जपून ठिवलास. सयाजी, फौजेत तुला सुभेदार कुनी केला रं?"

तो दिवस सगळ्यांनी अनीशच्या दुकानात काढला. मामाचा प्रोसेसर एका गिऱ्हाइकाला हवाच होता, त्यामुळं अनीशनं तो आनंदानं घेतला आणि जुने भाग परत काढून दिले. फक्त वधूचं नाव घातलेला डबा तो परत घेईना. तो लसणासाठी घरी आला. जोडणी मात्र क्रांतीनं स्वतः केली, आणि या वेळी सयाजीराव "दाबून बघ" असं एकदाही म्हणाले नाहीत. रंगीत पडदा उजळला तेव्हा बनुबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि अनीशच्या बोर्डांना सुद्धा नमस्कार केला. मामानं फोन करून विचारलं तेव्हा सयाजीराव म्हणाले, "लय पळतोय, पाव्हणं," आणि ते खोटं नव्हतं.

गोष्ट इथं संपली असती तर क्रांती सुखानं शिकली असती. पण घरात त्या दिवसाची धास्ती बसली होती. पहिली सहामाही जवळ आली असताना तिच्या सांगलीतल्या खोलीच्या घरमालकीण बाई तिला रोज हाका मारू लागल्या: "क्रांती, तुझा फोन." आईला मिक्सर घ्यायचा होता, आपल्या घरच्या बोर्डाला त्याची पिन जुळेल का? आत्याला शेडला नवा पत्रा टाकायचा होता. जुन्याची भोकं नव्याला लागतील का? मामानं तर पोराला स्थळ आलं म्हणून दोन्ही पत्रिका फोनवर वाचून दाखवल्या. तिला विचारल्याशिवाय त्या तीन तालुक्यांत काही म्हणता काही विकत घेतलं जात नव्हतं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा हाक आली. सयाजीराव होते.

"पोरी, हिरीवरची मोटार जळाली. दुकानात उभा हाय. कुठली घिऊ?"

"बाबा!" क्रांतीचा आवाज चढला. घरमालकीण बाईंनी टीव्ही बारीक केला. "माझा उद्या पेपर आहे! मोटारीचं मला काय कळतं? मामाचं दुकानच आहे मोटारींचं, त्याला विचारा की! प्रत्येक गोष्टीत मला कशाला विचारता?"

पलीकडून रिसीव्हरभोवती हात धरल्याची खरखर ऐकू आली.

"मामाच्याच दुकानात हाय," सयाजीराव दबक्या आवाजात म्हणाले. "त्यो सगळ्यात म्हागाची देतोय."

क्रांतीनं डोळे मिटले. मग वहीचं मागचं पान उघडून पेन्सिल हातात घेतली.

"विहिरीला पाणी किती खोल आहे, ते आधी सांगा," ती म्हणाली.