तीन जागांच्या कौलाची हकिकत

शके अठराशे एकोणऐंशी, चैत्र मास. उजाडता उजाडता हिरालालजी मुरमाच्या टेकडीवर चढले आणि उपडा घातलेला पळसाचा द्रोण उचलून पाहिला, तो आतले तांदूळ जसेच्या तसे. एवढ्याच गोष्टीवरून पुढे रण माजले, सबब वर्तमान मुळापासून लिहिणे प्राप्त आहे.

तिरोड्याकडील एका गावी थोरले बंधू भैयाजी, धानाच्या कोठीचे धनी, आणि धाकटे हिरालालजी एका चुलीवर नांदत होते. मग घरात माणसे वाढली, पाय पसरण्यास जागा उरली नाही, आणि भैयाजींनी फर्मान काढले की धाकट्यांनी मृगापूर्वी वेगळे घर उभारावे. जागा तीन दाखविल्या : एक जंगलाच्या कडेस मोहाखाली, दुसरी बोडीच्या पारीवर, म्हणजे लहान तळ्याच्या बांधावर, तिसरी उघड्या टेकडीवर. माणूस कोठे सुखाने जगेल याचा निवाडा वाडवडिलांच्या रिवाजाने व्हावा. सांजेस तिन्ही ठिकाणी चिमूटभर तांदूळ द्रोणाखाली झाकावे आणि सकाळी जेथे दाणा हलला नसेल तेथे घर बांधावे. हा हुकूम हिरालालजींस फार मानवला, कारण कौल लागला म्हणजे आपणांस विचार करावा लागत नाही, हे ते जाणून होते.

जंगलाचे ठाणे प्रथम पडले. मुंग्यांच्या पलटणींनी खजिना लुटून नेला होता आणि रानडुकराने भोवतालची जमीन उकरून ठेवली होती. बोडीवर त्याहून अनर्थ. खेकडे आणि पाणकोंबड्या यांनी संगनमत करून सारे फस्त केले, आणि द्रोण पाण्यावर तरंगत होता. टेकडी तेवढी अभंग राहिली. भैयाजींनी तत्काळ टेकडीची सनद दिली.

तेव्हा हिरालालजींचे कुटुंब धुरपताबाई अंगणात आल्या. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलण्याचा रिवाज नाही; म्हणून बाईंनी दावणीच्या भुरी म्हशीस वकील नेमले आणि तिच्या तोंडाकडे पाहून जाब विचारला.

"काऊन वं भुरे, जिथं मुंगीले खायाले भेटत नाई, तिथं आमी कायच्या भरोशावर जगाव?"

भैयाजींनीही जबाब म्हशीच्याच मार्फत रवाना केला. "भुरे, सांग तुह्या मालकिणीले, कौल म्हंजे कौल!"

"अन् खेकड्यायनं खाल्लं तो कौल नाई का वं? तिथं सारे जगून राहिले, म्हणून त खाऊन गेले!"

दोन्ही फौजांच्या मध्ये हिरालालजी सापडले. तह व्हावा या इराद्याने ते म्हणाले, "अवं, टेकडीवर हवा मस्त हाये."

"मंग हवाच वाढून घ्या ताटात," असा खलिता उलट टपाली आला.

इतक्यात वकिलाने दावे तोडले आणि तडक बोडी गाठून मानेइतक्या पाण्यात बैठक मारली. वकील असा उघड फितूर होताच धुरपताबाईंनी तीन दगड, हंडा आणि तवा घेऊन त्याच्या मागोमाग कूच केले आणि पारीवर चूल मांडली.

हिरालालजी थोरल्यांच्या शब्दाचे बांधील. त्यांनी मेढ आणि कुदळ घेऊन टेकडीवर तळ दिला. मुरमाने दर घावास ठिणगी दिली, खड्डा मात्र दिला नाही. मग मुरूम भिजवावा म्हणून बोडीचे पाणी घागरीने वर आणिले, ते अर्धे वाटेत सांडले आणि उरलेले स्वतःच प्यावे लागले. सावलीस एक झुडूप नाही, आणि मघाशी शाबूत दिसलेले तांदूळ आता त्यांच्या मनास येईनात. अशा वेळी खालून धूर निघाला आणि धुरामागून मासोळ्यांच्या रश्श्याचा वास टेकडीवर चाल करून आला. "भाऊ काय म्हणल?" असे ते एकवार मोठ्याने बोलले, पण ऐकण्यास तेथे कोणी नव्हते, मुंगीसुद्धा नव्हती.

येणेप्रमाणे बोडीची पार धुरपताबाईंनी एका हंड्यानिशी सर केली, ही फत्ते येथे दाखल केली आहे. भैयाजींनी कौल अद्याप फिरविलेला नाही. टेकडीवर मेढ तिरपी उभी आहे. हिरालालजी निम्मी टेकडी उतरले आहेत, थांबून थोरल्यांच्या घराकडे पाहत आहेत, आणि जेवणापुरतेच उतरणाऱ्या माणसाने कुदळ खांद्यावर कशाला घ्यावी, हे अजून कोणी त्यांस विचारलेले नाही.