तीनदा टोकणारे किसनभाऊ

त्या दिवशी हापीसच्या दारात आम्ही चौघं होतो. मोठे साहब, म्हणजे आमचे प्रिन्सिपल. तिवारी बाबू. पाणी भरणारी मी, शेवंता. अन् सगळ्यायच्या समोर बंदूक घेऊन किसनभाऊ. पायरीखाली कॉलेजचे चाळीसेक पोट्टे.

हे किसनभाऊ बंदुकीची नळी टेस्ट ट्यूब घासायच्या ब्रशानं घासत. मूळचे ते सायन्सच्या लॅबमधले अटेंडंट. मी म्हणो, "भाऊ, बंदूक का काचेची हाये?" तं म्हणत, "काकू, घाण राहिली तं रिझल्ट चुकते."

त्यायच्या हाती बंदूक आली ती अशी. आदल्या वर्षी पोट्ट्यायच्या युनियनच्या इलेक्शनात पोट्टे हॉकी घेऊन हापीसात घुसले. मताच्या पेट्या फोडल्या अन् तिवारी बाबूचं डोकंबी फोडलं. बाबूले तेव्हापासून एका कानानं आयकू येत नाई. रक्त मीच पुसलं. माह्ये मालक वारल्यावर बारा वर्षं हंडे वाहून राहिली होती, पण तसं पाणी कधी लाल झालं नव्हतं.

मंग कॉलेजच्या कमिटीनं ठरवलं, स्टाफमधल्याच दोघायले शिकवून बंदूक द्यायची. तिवारी बाबू अन् किसनभाऊ दुर्ग शहरात पंधरा दिवस ट्रेनिंगले गेले. बंदुकीच्या पहिल्याच बाराले तिवारी बाबू डोळे मिटून खाली बसले. उरले किसनभाऊ.

वापस आले ते नियम घेऊनच. ट्यूबा धुता धुता पाठ करत. "समोरच्याले तीनदा टोकायचं. रुक जाओ, रुक जाओ, रुक जाओ."

"अन् आयकलं नाई तं?"

"तं गोळी झाडायची. जसं शिकवलं तसं."

हा माणूस सांगितलेलं सोडत नसे. साहबानं एकदा 'खिडकी पकडून ठेव' म्हटलं, तं सुतार येईस्तोवर दोन घंटे पकडून उभा होता.

तं इलेक्शनाचा दिवस. मोजणी झाली, हारलेले पोट्टे पेट्या मागायले आले. सगळ्यात पुढं रमेश, हाती हॉकी. किसनभाऊ दारात आडवे झाले. "आत कोणी जाणार नाई."

"अबे, चाचा की बंदूक खाली है, गोली नहीं है!" मागून कोणी वरडलं. पोट्टे हासले अन् एक पायरी चढले.

मोठे साहब घाबरून म्हणाले, "किसन, फायर करो!"

किसनभाऊनं बंदूक खांद्याले लावली. "रमेश, रुक जाओ. रमेश, रुक जाओ. रमेश, रुक जाओ." मंग नळी जराशी सरकवली. "दिनेश कुम्हारीवाला, रुक जाओ. दिनेश, रुक जाओ..."

साहब म्हणाले, "ये क्या कर रहे हो?"

"साहब, समोरच्याले तीनदा टोकायचं हाये. हे चाळीस हायेत. अभी नाम बाकी हैं."

तिवारी बाबूनं कपाळावर हात मारला.

"प्रकाश, रुक जाओ. पाय कसा हाये बे? ॲसिड सांडलं होतं तेव्हा कोणं पाणी टाकलं? प्रकाश, रुक जाओ." प्रकाशनं गुपचूप पाय मागं घेतला. "रमेश, तू बेडूक कापाच्या नावानंच चक्कर येऊन पडला होता, मीच तुले उचलून बाकावर निजवलं." मागचे पोट्टे फिस्सकन हासले. रमेशची हॉकी खाली आली.

साहबापुढं आपलं नाव कोणाले निघू द्यायचं नव्हतं. ज्याचं नाव आलं तो मान खाली घाले, ज्याचं नाव याचं बाकी होतं तो मागं सरके. पंधरा-वीस नावायनंतर पायरीखाली दोन चपला उरल्या, बस.

साहबानं मात्र हुकूम मोडला म्हणून किसनभाऊले मेमो धरवला. भाऊनं दोन्ही हातांनी घेतला अन् घडी करून खिशात ठेवला.

मंग मी त्यायले लॅबच्या मागं नळापाशी पाणी नेऊन देलं. एका दमात दोन गिलास पेले. त्यायच्या घरी दोघं नवरा-बायको, लेकरू नाई.

मी म्हटलं, "भाऊ, रिकामी बंदूक घेऊन उभे राहिले, कमाल हाये तुमची."

त्यायनं बंदूक उघडली. दोन लाल काडतुसं माह्या तळहातावर ठेवली. जड होती.

"भरेल होती काकू. नावं संपली असती तं झाडावी लागली असती."

मी काडतुसं वापस त्यायच्या हाती देली.

"मले पंधराएक नावंच ठाऊक होती, म्हणून रमेशले दुसऱ्यांदा घेतलं," ते हळूच म्हणाले. "दिनेशचं नाव तं तीन फेऱ्यायत घेतलं. मधात दोन नावं अशी घेतली का तसे पोट्टे कॉलेजातच नाईत. कोणाले सांगू नका."

किसनभाऊ आता राहिले नाईत, म्हणून सांगते. वाचणाऱ्याले माह्यं एकच मागणं हाये. तुमच्या कॉलेजात स्टाफच्या हाती बंदूक द्यायची असन तं द्या, मी नाई म्हणत नाई, बाबूचा कान मी पाह्यला हाये. पण देण्याआधी त्याले समोर बसवून लेकरायची नावं इचारा.