अर्ध्या मिशीचा पाहुणचार

वेलायुधनने आरशात पाहिलं आणि पुन्हा खाटेवर अंग टाकलं. डावीकडे झुपकेदार मिशी, उजवीकडे सपाट मैदान. आणि तासाभरात लेकीला बघायला कोंडोट्टीहून पाहुणे येणार!

"उरलेली काढून टाका ना ती!" बायको तंकमणी दारातून कडाडली.

"पैज आहे. आठ दिवस अशीच ठेवायची. शब्द म्हणजे शब्द."

पैज सैदलवी न्हाव्याशी होती. मलप्पुरमकडे सात-सात जणांच्या फुटबॉलची फायनल म्हणजे गावाची इज्जत. ज्याचा संघ हरेल त्याची अर्धी मिशी जाते. काल शेवटच्या मिनिटाला त्याच्या लाडक्या 'ब्रदर्स' संघाचा चेंडू गोलरेषेच्या आत टप्पा घेऊन बाहेर आला. आत! वेलायुधनने गॅलरीच्या सगळ्यांत वरच्या पायरीवरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पंचाने रेषेवरच्या माणसाला विचारलं, त्याने नकारार्थी मान हलवली, संपलं सगळं. वस्तरा चालवताना सैदलवीने वर विचारलं, "दुखतंय का हो?" मेला! तेव्हापासून वेलायुधनच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"तीन स्थळं हातची गेली. शिजिना तिशीला टेकली," तंकमणी म्हणाली. "हेही मोडलं ना, तर तुमचं तोंड बघणार नाही मी. अर्धंसुद्धा नाही."

शेवटी तोंडाला टॉवेल गुंडाळायचा आणि दाढ दुखतेय म्हणायचं, असं ठरलं.

पाहुणे आले. नवरामुलगा सुधीश, शाळेत व्यायामशिक्षक. सोबत त्याचे मामा कृष्णन. मामांच्याही तोंडाला टॉवेल!

"दाढ," मामा पुटपुटले.

"माझीसुद्धा," वेलायुधन टॉवेलातून म्हणाला.

शिजिना चहा आणि केळ्याची भजी घेऊन आली. मुलीने आणलेला चहा घेतला नाही, तर मुलगी नापसंत असा अर्थ होतो. चहा निवत चालला.

"घ्या ना," वेलायुधन म्हणाला.

"आधी तुम्ही घ्या."

तंकमणीचे डोळे वटारलेले पाहून मामांनी उसासा टाकला आणि टॉवेल सोडला. त्यांची उजवी मिशी शाबूत होती, डावी गायब.

"ब्रदर्स?" वेलायुधनला हुंदका फुटला.

"तीस वर्षं झाली हो त्यांच्या मागे!"

वेलायुधनने आपला टॉवेल भिरकावून दिला आणि त्यांना मिठी मारली.

"आत होता हो चेंडू!"

"चांगला हातभर आत!"

"नव्हता," सुधीश म्हणाला.

दोघांनी वळून पाहिलं.

"रेषेवर मीच होतो. पूर्ण आत गेलाच नव्हता."

"कालपासून घरात कुणी बोलत नाही याच्याशी," मामा डोळे पुसत म्हणाले. "आजचं आधीच ठरलं होतं, म्हणून आणला झालं."

वेलायुधनचं टाळकंच सटकलं. लेक, स्थळ, बायको, सगळं विसरून तो ओरडला, "डोळे काय गहाण टाकले होतेस? गोल होता!"

सुधीश ताठ बसला. "हाच आवाज! काल वरून तुम्हीच ओरडत होता ना, 'आंधळ्या, तुला पोरगी कोण देणार?'"

वेलायुधन मटकन खाली बसला. तंकमणीने कपाळाला हात लावला.

शिजिनाने सुधीशच्या हातात चहाचा पेला दिला आणि त्याच्याच शेजारी खुर्ची ओढली.

"सांगा ना, अच्छन," ती बापाला म्हणाली. "विचारतायत ना ते, कोण देणार?"